वेबसाइटवरचा पसारा आवरायला वर्डप्रेस कसं आहे? दोन वर्षं वापरून मग लिहितोय

आमचा धंदा पाण्याचे पंप विकायचा आणि दुरुस्त करायचा. साइट बरीच वर्षं आहे आणि जसं सुचेल तसं त्यात टाकत गेलो, नवीन मॉडेल आलं टाक पान, फोनवर चार जणांनी तेच विचारलं टाक पान, कंपनीने पीडीएफ पाठवली चढव साइटवर. असं करत करत शंभराच्या आसपास पानं झाली आणि आमच्याच माणसांना आमच्याच साइटवर काही सापडेना. दोन वर्षांपूर्वी बसून सगळं नव्याने लावलं, वर्डप्रेसवरच, आणि हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे. थीम (म्हणजे साइटचं रूप) कुठली घ्यावी, साइट फास्ट कशी करावी हे यात नाही, त्यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं. आणि वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं जे सॉफ्टवेअर फुकट उतरवून आपल्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर) टाकतात ते, वर्डप्रेस डॉट कॉमच्या पॅकेजबद्दल मी बोलत नाहीये.

कशामुळे बसलो ते आधी सांगतो. एक काका बंद पडलेला मोनोब्लॉक पंप घेऊन आले, पावती बघितली तर वॉरंटी संपलेली, एक वर्षाची होती. त्यांनी शांतपणे मोबाइल काढला आणि आमच्याच साइटवरचं पान दाखवलं, त्यावर दोन वर्षं लिहिलेलं. ते पान जुन्या मॉडेलच्या वेळचं होतं, कोणी बदललंच नव्हतं. काकांचं काहीच चुकलं नव्हतं, आम्ही पंप फुकट दुरुस्त करून दिला. त्या रात्री मी साइटवर वॉरंटी हा शब्द शोधत बसलो तर तो ११ पानांवर सापडला आणि त्यात तीन वेगवेगळी उत्तरं होती! तेव्हाच ठरवलं की एक माहिती एकाच जागी लिहिलेली हवी, बाकी जिथे जिथे दिसायची तिथे ती तिथूनच उचलली गेली पाहिजे. खाली जे चांगलं-वाईट लिहिलंय ते सगळं याच मापाने मोजलेलं आहे.

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी दोन कामं केली, ती सांगतो कारण ती केली नसती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. एक म्हणजे सगळ्या पानांची यादी एका शीटमध्ये काढली, पानाचं नाव, त्याचा पत्ता, ते कोणासाठी आहे, आणि ठेवायचं, जोडायचं की काढायचं. कंटाळवाणं काम आहे पण त्याला पर्याय नाही. दुसरं म्हणजे आमच्याकडे फोन घेणाऱ्या ताई आहेत, त्यांना तीन आठवडे एका वहीत लिहायला सांगितलं की माणूस फोनवर पहिलं वाक्य काय बोलतो, अगदी त्याच्या शब्दांत.

ती वही वाचून माझे डोळे उघडले. आमचा मेनू होता सबमर्सिबल, मोनोब्लॉक, सेल्फ प्रायमिंग, मग त्यात सिंगल फेज, थ्री फेज, मग एचपी. आणि वहीत काय तर "पाणी वर चढत नाहीये", "मोटर घूं घूं करते पण फिरत नाही", "तीन मजले आहेत, कुठला घेऊ". सबमर्सिबल हा शब्द घेऊन फार थोडे लोक फोन करत होते. मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक विषय लिहिला आणि आधी मेकॅनिकांना, नंतर दुरुस्तीसाठी थांबलेल्या काही गिऱ्हाइकांना सांगितलं की जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नाव द्या. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, वेबसाइटवाले ते बऱ्याच वर्षांपासून करतात. मेकॅनिकांनी पंपाच्या प्रकारानुसार गठ्ठे केले, गिऱ्हाइकांनी "बिघाड", "नवीन घ्यायचाय", "सामान पाहिजे" असे. तिथेच मेनू ठरला. मग फक्त मेनूतली नावं कागदावर दाखवून विचारलं की कपॅसिटर पाहिजे असेल तर कुठे जाल, आणि जिथे लोक अडखळले ती नावं बदलली.

आता वर्डप्रेस. हे मुळात ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर, २००३ मध्ये आलं, आणि ही गोष्ट लक्षात ठेवली तर त्याचे अर्धे गुणदोष आपोआप समजतात. सुरुवातीला त्यात फक्त पोस्ट होत्या, नवीन वर, जुनी खाली, डायरीसारख्या. कायम एका जागी राहणारी पानं म्हणजे पेज २००५ मध्ये १.५ व्हर्जनला आली, टॅग (पोस्टला लावायचे विषयाचे शब्द) २००७ ला, आणि आपल्या मनाप्रमाणे मेनू बनवायची सोय २०१० ला ३.० मध्ये. म्हणजे धंद्याच्या साइटला जे लागतं ते नंतर नंतर येत गेलं, आणि आजही नवीन माणूस डॅशबोर्ड (साइट चालवायची आतली बाजू) उघडतो तर त्याला पोस्ट आधी दिसतं आणि तो सगळं पोस्टमध्येच टाकतो. आमची साइट ज्यांनी पहिल्यांदा बनवली त्यांनी "आमच्याबद्दल" सुद्धा पोस्टमध्ये टाकलं होतं. पण फूट व्हॉल्व्ह कसा साफ करायचा ही माहिती पाच वर्षांपूर्वी लिहिली म्हणून शिळी होत नाही, ती तारखेच्या रांगेत खाली ढकलली की सापडत नाही एवढंच. त्यामुळे आमचा नियम आता साधा आहे, जे घडलं ते पोस्ट, जे कायम आहे ते पेज. आमच्याकडे वर्षभरात पोस्ट जेमतेम आठ-दहा होतात आणि त्यात काही बिघडत नाही.

पण खरी जादू, आणि मी हे मनापासून म्हणतोय, कस्टम पोस्ट टाइपमध्ये आहे. हेही ३.० ला आलं आणि धंदेवाल्यांपैकी फार कमी लोक ते वापरताना दिसतात. म्हणजे पोस्ट आणि पेज यांच्या जोडीला आपण आपला तिसरा प्रकार बनवायचा. आम्ही "पंप" नावाचा एक प्रकार बनवला आणि "सुटा भाग" नावाचा दुसरा. पंपाला ठराविक फील्ड म्हणजे रकाने दिले, एचपी, फेज, हेड, डिस्चार्ज, पाइपचा साइज, वॉरंटी. त्यासाठी एसीएफ नावाचं प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरलं, त्यात आता पोस्ट टाइपसुद्धा तिथूनच बनवता येतो. आता मॉडेल टाकणारा माणूस मोठा परिच्छेद लिहीत नाही, रकाने भरतो, आणि वॉरंटी फक्त त्या एका रकान्यात असते. मॉडेलच्या पानावर, तुलनेच्या तक्त्यात, दुरुस्तीच्या पानावर जिथे जिथे वॉरंटी दिसते ती त्या रकान्यातून येते. काकांचा प्रसंग आता होणार नाही.

त्याहून मोठा फायदा भागांचा झाला. एसीएफमध्ये रिलेशनशिप नावाचं फील्ड आहे, त्यात आम्ही प्रत्येक भागाला तो कुठल्या कुठल्या पंपाला बसतो ते जोडून ठेवलं. मेकॅनिकल सील एकदाच टाकायचं, सहा मॉडेलना जोडायचं, मग सीलच्या पानावर ती सहा मॉडेल दिसतात आणि त्या प्रत्येक मॉडेलच्या पानावर ते सील दिसतं. आधी आम्ही हे सहा ठिकाणी हाताने लिहायचो आणि सातवं मॉडेल आलं की विसरायचो. हे बसवायला थोडं कोडिंग लागलं, टेम्प्लेट, म्हणजे पान कसं दिसेल त्याचा साचा, लिहून घ्यावी लागली, माहितगार माणूस हाताशी नसेल तर ही पायरी जड जाईल हे खरं आहे. आणि एक सावधगिरीची गोष्ट, पोस्ट टाइप थीमच्या फाइलमध्ये लिहू देऊ नका, प्लगइनमध्येच ठेवा, कारण थीम बदलली की तो प्रकार डॅशबोर्डवरून गायब होतो. माहिती डेटाबेसमध्ये असते, उडत नाही, पण ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणार की सगळं गेलं.

जी माहिती कुठल्या एका पंपाची नाही, म्हणजे दुकानाची वेळ, मेकॅनिक घरी यायचे नियम, माल परत घ्यायचे नियम, ती आम्ही सिंक्ड पॅटर्नमध्ये ठेवली. आधी याला रीयुजेबल ब्लॉक म्हणायचे, ऑगस्ट २०२३ मध्ये ६.३ ला नाव बदललं. मजकूर एकदा लिहायचा, सेव्ह करायचा, मग पाहिजे त्या पानावर ठेवायचा, एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. मला हे फार आवडलं पण दोन धोके आहेत. एकतर डिटॅच असं बटण आहे, ते कोणी दाबलं की त्या पानावरची प्रत सुटी होते आणि मग तिला बाकीच्यांची खबर नाही, परत तेच जुनं दुखणं. दुसरं उलटं, आमच्या एका मुलाने एकाच पानापुरती वेळ बदलायची म्हणून पॅटर्न उघडून बदलली आणि ती सगळ्या साइटवर बदलली, सणाची सुट्टी संपल्यावर चार दिवसांनी लक्षात आलं. २०२४ मध्ये ६.६ ला सोय आली की पॅटर्नमधला ठराविक भाग प्रत्येक पानावर वेगळा ठेवता येतो, पण तो कुठला ते आधी ठरवून द्यावं लागतं.

कॅटेगरी आणि टॅगबद्दल थोडक्यात. कॅटेगरीत पोटकॅटेगरी करता येते, टॅगमध्ये नाही, आणि प्रत्येक टॅगचं स्वतःचं एक पान आपोआप तयार होतं हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आमच्याकडे "पंप", "पंप्स", "वॉटरपंप", "पाण्याचा पंप" असे चार टॅग आणि प्रत्येकाच्या पानावर एखाद-दोन पोस्ट! गूगलवरून माणूस तसल्या रिकाम्या पानावर येऊन परत जायचा. टॅग सगळे काढून टाकले, कोणाला त्यांची आठवणही आली नाही. कॅटेगरी पाच ठेवल्या.

आता पत्त्यांचं प्रकरण, इथे मी जास्त लिहिणार आहे कारण इथे आम्ही पोळलोय. मेनूमध्ये एखादं पान इकडून तिकडे हलवलं तर त्याचा पत्ता बदलत नाही, मेनू वेगळा आणि पत्ता वेगळा, मेनूमधलं नावसुद्धा पानाच्या नावापेक्षा वेगळं ठेवता येतं आणि ते फार चांगलं आहे कारण मेनूत "बिघाड" एवढंच पुरतं आणि पानावर पूर्ण मथळा देता येतो. पण पानाचा पेरेंट, म्हणजे ते ज्या पानाखाली ठेवलंय ते वरचं पान, बदलला की पत्ता बदलतो, त्याच्या खालच्या सगळ्या पानांचा पण. हे मला अर्धवट माहीत होतं. मला वाटलं होतं वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं, कारण पोस्टचं स्लग (पत्त्यातला शेवटचा, नावाचा भाग) बदलल्यावर ते नेतं हे मी बघितलं होतं. पेजला ते लागू नाही! पोस्टचं जुनं स्लग वर्डप्रेस लक्षात ठेवतं, पेजसारख्या एकाखाली एक असणाऱ्या प्रकाराचं ठेवत नाही. कधीकधी ते अंदाजाने जवळच्या नावाच्या पानावर नेतं, तो अंदाज बरोबर असेलच असं नाही.

आणि आमचे पत्ते फक्त साइटवर नव्हते, आम्ही विकलेल्या पंपांच्या अंगावर क्यूआर कोडचे स्टिकर लावलेत, स्कॅन केलं की त्या पंपाची देखभालीची माहिती उघडते. मी एका दुपारी उत्साहात सगळी देखभालीची पानं नव्या पेरेंटखाली नेली आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांना स्टिकर स्कॅन केल्यावर ४०४, म्हणजे पान सापडत नाही, असं दिसायला लागलं. छापलेलं स्टिकर कसं बदलणार, ते लोकांच्या घरी टाकीजवळ चिकटलेलं आहे. मग रीडायरेक्शन नावाचं प्लगइन टाकलं, एकेका जुन्या पत्त्याला नवीन पत्ता ३०१ ने जोडला, दीड दिवस गेला. ३०१ म्हणजे कायमचं हललंय असा निरोप, ब्राउझरलाही आणि गूगललाही. गूगल म्हणतं असे रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, आम्ही ते कधीच काढणार नाही. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात, आणि त्यांनी पत्त्यात विषयाचं वर्गीकरण घालू नका असंही सांगितलंय कारण वर्गीकरण बदलत राहतं. आता आमच्या स्टिकरवरचे पत्ते मॉडेलच्या नंबरवर आहेत, त्यात कुठलाही विभाग नाही.

मराठी साइटवाल्यांसाठी खास एक गोष्ट. मथळा मराठीत लिहिला की वर्डप्रेस स्लगही देवनागरीत बनवतं, दिसायला छान दिसतं, पण आत ते टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात साठवतात आणि त्यात देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ९ जागा लागतात, मात्रा पण वेगळी मोजतात. स्लगला एकूण जागा २००. म्हणजे २२ चिन्हांनंतर पत्ता मधेच तुटतो. आमचे "सबमर्सिबल पंपाची..." ने सुरू होणारे सगळे पत्ते असेच अर्ध्यात कापलेले होते, आणि ते कॉपी करून मेसेजमध्ये पाठवले की टक्केच टक्के दिसायचे. छोटं स्लग स्वतः हाताने लिहा, पान पब्लिश करायच्या आधी.

मीडिया लायब्ररी हा मात्र वर्डप्रेसचा सगळ्यात कच्चा भाग आहे. फोल्डर नाहीत. फाइल वर्ष आणि महिन्याच्या हिशोबाने पडत जातात, म्हणजे परत ती डायरीच. आणि त्याच महिन्यात त्याच नावाची पीडीएफ पुन्हा चढवली तर ती जुन्याच्या जागी बसत नाही, नावापुढे १ लावून वेगळी होते, मग २ लावून. आमच्या दरपत्रकाच्या अशा चार पीडीएफ होत्या आणि गूगलमध्ये सगळ्यात वर सगळ्यात जुनी यायची. एक माहिती एका जागी या मापाने बघितलं तर इथे वर्डप्रेस नापास आहे. आम्ही फाइल बदलून देणारं वेगळं प्लगइन टाकलं, आणि त्याहून चांगलं म्हणजे पीडीएफमधला मजकूर साध्या पानावर आणला, मोबाइलवर पीडीएफ चिमटीने मोठी करून कोण वाचणार. पीडीएफ आता फक्त कंपनीच्या मॅन्युअलपुरती.

सर्च बरा आहे, फार बरा नाही. २०१३ च्या ३.७ पर्यंत तर उत्तरंसुद्धा तारखेने लागायची, तेव्हापासून आधी मथळ्यात जुळणारं येतं. पण तो फक्त मथळा, सारांश आणि मजकूर बघतो, कस्टम फील्डमध्ये बघतच नाही, म्हणजे आम्ही एवढ्या कष्टाने रकाने केले आणि त्यातला पार्ट नंबर टाकला तर उत्तर शून्य! रेलेव्हान्सी नावाच्या प्लगइनने ते सुटलं. "मोटर" आणि "मोटार" वेगळे धरतो ते मात्र राहिलंच, म्हणून आम्ही पानाच्या मजकुरात दोन्ही रूपं कुठेतरी येतील असं लिहितो.

कोणाला काय करू द्यायचं याची सोय चांगली आहे. मेकॅनिकांना कॉन्ट्रिब्यूटर केलंय, ते लिहितात पण पब्लिश करू शकत नाहीत, ते मी किंवा ताई वाचून करतो. त्यांना फोटो चढवता येत नाहीत हे मात्र अडचणीचं आहे कारण त्यांच्याकडे लिहिण्यापेक्षा फोटोच जास्त असतात, जळलेलं वाइंडिंग, झिजलेला इम्पेलर, ते मग ग्रुपवर पाठवतात आणि आम्ही लावतो. जुनी आवृत्ती परत आणता येते, चुकून डिलीट केलेलं पान ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, या दोन गोष्टींनी आमची माणसं घाबरायची थांबली, आणि माणूस घाबरला नाही तरच तो चुकलेलं दुरुस्त करायला हात घालतो.

जे अजिबातच नाही ते म्हणजे एखादं पान शेवटचं कोणी तपासलं याची नोंद. बदल केल्याची तारीख दिसते, पण बदलायची गरजच नव्हती आणि तपासून बरोबर आहे म्हटलं, हे कुठे लिहिणार? आम्ही त्यासाठी दोन फील्ड आणखी जोडली, "तपासलं कधी" आणि "कोणाकडे आहे", आणि डॅशबोर्डच्या यादीत तो रकाना दिसेल असं करून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ज्यांची तारीख सगळ्यात जुनी अशी दहा पानं आम्ही वाटून वाचतो. माझ्या मते धंद्याच्या साइटला हे मुळातच मिळायला हवं होतं.

ज्यांची साइट पाच-सहा पानांची आहे त्यांनी एवढ्या भानगडीत पडू नये, साधी पेज बनवा, एक मेनू द्या, झालं. ज्यांना फक्त ऑनलाइन विक्री करायची त्यांना तयार दुकानाचे प्लॅटफॉर्म सोपे जातील, तिथे प्रॉडक्टचे रकाने आधीच बनवलेले असतात. पण ज्यांच्याकडे माहिती जास्त आहे, ती एकमेकांत गुंतलेली आहे आणि सारखी बदलते, त्यांना मी वर्डप्रेस बिनदिक्कत घ्या म्हणेन. माहिती लावायच्या सोयीला पाचपैकी साडेचार देतो, पत्त्यांना साडेतीन, सर्चला तीन, मीडिया लायब्ररीला दोनच.

आमचे साधारण चाळीस सुटे भाग अजून जुन्या पोस्टमध्येच पडून आहेत. दर शनिवारी चार-चार करून नव्या प्रकारात नेतोय, प्रत्येकाचा जुना पत्ता आधी शीटमध्ये लिहून घेतो आणि मगच हलवतो. या शनिवारी बेअरिंग घेतलेत.